उचललेली पिकअप अलाइनमेंटला नेण्याआधी

गाडीची उंची वाढवणारं लिफ्ट किट बसलं, मोठे टायर चढले, आता अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. बाकी सगळं नंतर, आधी कॅम बोल्ट बघा. हायलक्ससारख्या पिकअपमध्ये पुढच्या लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मुळाशी दर बाजूला दोन कॅम बोल्ट असतात, म्हणजे मध्य सोडून बसवलेल्या चकतीचे बोल्ट. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (बाजूने बघता चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल) जुळतात ते हे फिरवूनच. आपल्या गोव्याची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि लाल चिखल यांनी हे बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबराच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून घट्ट बसतात. नट सुटतो, बोल्ट जागचा हलत नाही. जोर केला की तुटतो, मग कटर आणा, बुश कापा, आणि सामान येईपर्यंत गाडी दुकानात अडकली. मागच्या खेपेला माझं नेमकं हेच बघायचं राहिलं होतं.

तेव्हा आठवडाभर आधी गाडी खालून धुऊन घ्या. बोल्टांच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारा स्प्रे रोज संध्याकाळी मारा. रबरावर ओघळला तर लगेच पुसा. मग ओळखीच्या मिस्त्रीकडे नेऊन चारही बोल्ट खरोखर फिरतात का ते समोर उभं राहून बघा. सैल करण्याआधी चकतीच्या जागेवर पेंटने खूण करायला लावा आणि त्याच खुणेवर पुन्हा आवळून घ्या. नट अर्धवट सैल ठेवून गाडी घरी आणू नका, चाकाचा कोन रस्त्यातच सरकेल. एखादा बोल्ट हललाच नाही, तर नवा बोल्ट आणि बुश हातात येईपर्यंत अलाइनमेंटची वेळ घेऊ नका.

एवढा आग्रह का? कारण स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ, उंचीच्या गाडीत बऱ्याचदा नुसता टो (वरून बघता चाकांची तोंडं आत-बाहेर किती) जुळवून भागतं. स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा टाय रॉड फिरवायला सोपा, मशीनवर आकडा हिरवा म्हणजे मर्यादेत दिसतो, गिऱ्हाईक खूश. गाडी उचलली की आर्मचा कोन बदलतो, कॅस्टर सहसा कमी होतो. मग चोर्ला घाटात वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. हायवेवर गाडी इकडेतिकडे भटकते. टो कितीही हिरवा असो, हे त्याने सुधारत नाही. कॅस्टर परत आणायचा तर कॅम बोल्ट फिरलेच पाहिजेत. दोन इंचांहून जास्त उचललं असेल तर बहुधा कंपनीचे अपर आर्मही पुरत नाहीत, ते आधीच बदलून घ्या.

बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग यांत खेळ (सैलपणा) असेल तर अलाइनमेंटचे पैसे पाण्यात. टायरची हवा गार असताना भरा. नव्या स्प्रिंगा थोड्या बसू द्या, काहीशे किलोमीटर गाडी चालवा. मागे कॅनोपी, हत्यारांची पेटी असं जे कायम असतं ते तसंच ठेवून न्या, काजूची पोती मात्र उतरवा.

दुकान म्हापशाचं असो की मडगावचं, आधी फोन करा. हायलक्स सव्वापाच मीटरहून लांब, व्हीलबेस तीन मीटरच्या वर. छोट्या गाड्यांसाठी बांधलेल्या रॅम्पवर ती नीट बसेलच असं नाही. मशीनचा चाकाला धरणारा क्लॅम्प मोठ्या टायरवर बसतो का तेही विचारा. आणि स्पष्ट विचारा, "कॅम्बर-कॅस्टर करता की फक्त टो?" उत्तर देताना माणूस घुटमळला तर दुसरं दुकान बघा.

मशीनवर क्रम पक्का: आधी कॅस्टर-कॅम्बर, टो शेवटी, कारण पहिले दोन हलले की टो बिघडतोच. मशीनमधले आकडे स्टॉक उंचीचे असतात. ऑपरेटरला सांगा की डावा-उजवा कॅस्टर जवळपास सारखा आणि जमेल तितका जास्त हवा, कॅम्बर शून्याच्या आसपास चालेल. कॅमचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, मॅन्युअलच्या टॉर्कवर. लटकत्या चाकावर आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. जुळवणी झाली की पुन्हा पेंटची खूण, पुढे नट सरकला तर लगेच दिसेल.

आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. स्टिअरिंग अँगल सेन्सर असेल तर शून्यावर आणून घ्या. वेर्ण्याच्या सपाट रस्त्यावर चालवून बघा. रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो, तेव्हा किंचित डावीकडे गेली तर घाबरू नका. पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का बघा. हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातात. दोनेकशे किलोमीटरनंतर कॅम बोल्टच्या खुणा तपासा.