मेशची फाइल लहान होत नाही? कनेक्टिव्हिटी कॉम्प्रेशनमधल्या या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीतले एक मोल्डवाले आमच्या महापेच्या ऑफिसात पेन ड्राइव्ह घेऊन आले. पंपाच्या केसिंगचं 3डी मॉडेल होतं, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीने (मेशने) बनलेला आकार, आणि ते गिऱ्हाइकाला मोबाइलवर फिरवून दाखवायचं होतं. एसटीएलची (मॉडेलच्या त्रिकोणांची फाइल) जीएलबी (जीएलटीएफ या 3डी फॉरमॅटची बायनरी फाइल) केली, ड्राको या मेश कॉम्प्रेसरमधून काढली, कॉम्प्रेशन लेव्हल 7 वरून 10 वर नेली, तरी आकार जेमतेम हलला. दोन दिवस मी नुसती सेटिंगं बदलत होतो. दोष तिथे नव्हताच. कॉम्प्रेसरच्या हाती पडण्याआधीच मेशची जोडणी तुटलेली होती.

कनेक्टिव्हिटी म्हणजे कोणता त्रिकोण कोणत्या तीन व्हर्टेक्सना (कोपऱ्याच्या बिंदूंना) जोडतो, याची नोंद. साध्या इंडेक्स यादीत (व्हर्टेक्सच्या क्रमांकांच्या यादीत) 32 बिटांचे तीन आकडे, म्हणजे त्रिकोणामागे 96 बिट लागतात. जॅरेक रॉसिन्याक यांची 1999 ची एजब्रेकर पद्धत हेच काम साध्या, बंद मेशवर 2 बिटांत करते. ड्राकोच्या पोटात हीच पद्धत आहे. ती सामाईक कडेवरून शेजारच्या त्रिकोणात जाते आणि प्रत्येक पावलाला सी, एल, ई, आर, एस यांपैकी एक अक्षर लिहिते. नवा व्हर्टेक्स भेटला की सी. बंद मेशमध्ये त्रिकोण व्हर्टेक्सच्या साधारण दुप्पट असतात, म्हणून निम्मी अक्षरं सीच निघतात. सीला 1 बिट आणि बाकीच्यांना 3 दिले की सरासरी 2 येते. गणितज्ञ टट यांनी 1962 मध्ये अशा जाळ्या किती प्रकारच्या असू शकतात ते मोजलं. त्या हिशेबाने कोणतीही पद्धत सर्व जाळ्यांसाठी व्हर्टेक्समागे 3.245 बिटांच्या, म्हणजे त्रिकोणामागे साधारण 1.62 बिटांच्या खाली जाण्याची हमी देऊ शकत नाही. थोडक्यात, 2 वरून खाली उतरायला जागा फारशी उरलेली नाही. खरी कमाई 96 वरून 2 वर येण्यात आहे, आणि तीच आपण एक्सपोर्ट करताना घालवतो.

जोडणी नसलेली मेश कॉम्प्रेस करणं

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. एसटीएलमध्ये जोडणी नसतेच. बायनरी एसटीएल म्हणजे 80 बाइटचं हेडर, 4 बाइटमध्ये त्रिकोणांची संख्या आणि पुढे प्रत्येक त्रिकोणाचे 50 बाइट. 1,00,000 त्रिकोण असतील तर 50,00,084 बाइट. एका व्हर्टेक्सभोवती सरासरी सहा त्रिकोण जमतात, म्हणून तोच बिंदू सहा वेळा लिहिला जातो. अशा फाइलची थेट जीएलबी केली की प्रत्येक त्रिकोण सुटा राहतो. एजब्रेकरला शेजार सापडत नाही आणि प्रत्येक त्रिकोणापाशी त्याला नव्याने सुरुवात करावी लागते.

तपासायला एकच भागाकार पुरतो: त्रिकोणांची संख्या भागिले व्हर्टेक्सची संख्या. 2 च्या जवळ आलं तर जोडणी शाबूत आहे. 1 च्या आसपास आलं तर कुठेतरी भरपूर चिरा आहेत. 0.33 आलं तर सगळे त्रिकोण सुटे आहेत. केसिंगचं नेमकं 0.33 होतं. हा भागाकार मी पहिल्या दिवशी करायला हवा होता.

उपाय वेल्ड करण्याचा, म्हणजे एकाच जागचे बिंदू एक करण्याचा, पण तिथेही हात पोळतो. आमच्याकडे एका मुलाने 0.01 ची मर्यादा ठेवून वेल्ड केलं. मिलिमीटरच्या फाइलला ती चालली असती, पण जीएलटीएफचं एकक मीटर असतं. म्हणजे एक सेंटिमीटरच्या आतले बिंदू एकत्र आले आणि स्क्रूची 3 मिलिमीटरची भोकं बुजून गेली. वेल्ड मूळ एककातच, रूपांतराच्या आधी करा.

वेल्ड केलं, तरी गुणोत्तर 1 च्या खालीच?

मग नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते सांगणारे बाण, बघा. जीएलटीएफमध्ये जागा, नॉर्मल आणि यूव्ही (टेक्स्चरचे निर्देशांक) या सगळ्यांना एकच इंडेक्स असतो. जागा तीच पण नॉर्मल वेगळं असेल तर व्हर्टेक्स वेगळा धरला जातो. म्हणून साध्या घनाचे 8 कोपरे 24 होतात. प्रत्येक त्रिकोणाला स्वतःचं सपाट नॉर्मल दिलेलं असेल तर वक्र भागावर वेल्डचा उपयोग जवळजवळ शून्य. आधी नॉर्मल काढून टाका, मग वेल्ड करा आणि शेवटी कोनाची मर्यादा ठेवून नॉर्मल पुन्हा मोजून घ्या. 30 अंशांपासून सुरुवात करून बघा. टेक्स्चर नसेल तर यूव्हीही काढून टाका, त्यांच्या शिवणींवर मेश उगाच कापली जाते.

त्यानंतर त्रिकोणांची दिशा. सामाईक कडेवरून दोन शेजारी त्रिकोण उलट दिशेने जायला हवेत. एखादा पृष्ठभाग उलटा असेल तर दिसायला दोघे शेजारी असतात, पण एन्कोडर तिथे सीमा धरतो. एका कडेला तीन त्रिकोण चिकटले असतील, उदाहरणार्थ भिंतीला नुसती टेकवलेली रिब, तर तिथेही मेश तोडावी लागते. सीएडीतून प्रत्येक पृष्ठभाग वेगळा एक्सपोर्ट झाला की या दोन्ही गोष्टी हमखास सापडतात.

ड्राकोऐवजी मेशऑप्टिमायझर हे दुसरं साधन वापरत असाल तर त्याची तऱ्हा वेगळी आहे. त्याचा इंडेक्स कोडेक त्रिकोणांच्या क्रमावर अवलंबून असतो, म्हणून आधी व्हर्टेक्स कॅशसाठी (नुकतेच वापरलेले व्हर्टेक्स लगेच पुन्हा लागतील असा) क्रम लावून घ्या. त्याच्यासोबतचं जीएलटीएफपॅक हे टूल हे स्वतः करतं. शिवाय त्याच्या आउटपुटवर जीझिप किंवा ब्रॉटली हे नेहमीचं कॉम्प्रेशन चढवायचं, हे गृहीतच धरलेलं आहे. सर्व्हरवर ते चालू केलं नाही तर अर्धं काम बाकी राहतं. ड्राकोच्या आउटपुटवर मात्र झिप करून हाती काही लागत नाही.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात येते. एजब्रेकर व्हर्टेक्सचा क्रम बदलतो. मोजमापाच्या खुणा व्हर्टेक्सच्या क्रमांकाने साठवल्या असतील किंवा मॉर्फ टार्गेट (आकार बदलून दाखवण्यासाठी व्हर्टेक्सच्या दुसऱ्या जागा) असतील, तर सगळं सरकतं. ड्राकोत लेव्हल 0 ठेवली की तो सिक्वेन्शियल पद्धत वापरतो आणि एजब्रेकरची ही फेरमांडणी टळते. फाइल अर्थात मोठी होते.

केसिंगचं गुणोत्तर शेवटी 1.9 च्या वर गेलं. 2 न होण्याचं कारण फ्लँजच्या धारदार कडा होत्या, तिथले व्हर्टेक्स दुहेरीच राहणार. मोल्डवाल्यांना त्या कडा तशाच हव्या होत्या, म्हणून मी त्यांना हात लावला नाही.