सायफाय मालिका लिहिताय? पात्रांच्या बाबतीत या चुका टाळा

यानाचा दरवाजा एका भागात डावीकडे आणि पुढच्या भागात उजवीकडे दिसला, तर प्रेक्षक फार तर मित्राला स्क्रीनशॉट पाठवतो. पण मागच्या आठवड्यात ज्याचा भाऊ गेला, तो या आठवड्यात पहिल्याच सीनला खिदळत असेल, तर मालिकेवरचा विश्वासच उडतो. लेखकांची टीम बहुतेकदा दरवाजावर मेहनत घेते आणि भाऊ विसरते. पुढची उदाहरणं बरीचशी ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन सायफाय विश्वातल्या ‘डीप स्पेस नाइन’, ‘व्हॉयेजर’, ‘नेक्स्ट जनरेशन’ आणि ‘एंटरप्राइझ’ या मालिकांमधली आहेत. अनेक लेखकांनी अनेक वर्षं चालवलेल्या त्या विश्वात चुका आणि दुरुस्त्या दोन्ही शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

भाग संपला की पाटी कोरी

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पूर्वी यामागे धंद्याचं कारण होतं. पुनःप्रक्षेपणात भाग कोणत्याही क्रमाने दाखवले जायचे, म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं पूर्ववत करावं लागे. आज ती अडचण फारशी नाही, सवय मात्र राहिली आहे.

अंतराळ स्थानकावर घडणाऱ्या ‘डीप स्पेस नाइन’ या एकाच मालिकेत दोन्ही टोकं सापडतात. 1996 च्या ‘हार्ड टाइम’ या भागात स्थानकाचा इंजिनिअर ओब्रायन याच्या मेंदूत 20 वर्षांच्या तुरुंगवासाच्या आठवणी भरल्या जातात. तो कोलमडतो, जीव द्यायला निघतो. भाग जबरदस्त आहे, पण पुढे त्या 20 वर्षांचा जवळजवळ मागमूस नाही. याउलट 1998 मध्ये नॉग हा तरुण अधिकारी युद्धात पाय गमावतो आणि मध्ये एकच भाग सोडून अख्खा भाग त्याच्या सावरण्यावर येतो. कृत्रिम पाय वैद्यकीयदृष्ट्या ठणठणीत आहे, तरी तो काठी सोडत नाही आणि 1962 च्या लास वेगासच्या कृत्रिम देखाव्यात लपून राहतो. त्या काठीने जे सांगितलं, ते दहा डायलॉगना जमलं नसतं.

म्हणून मोठा आघात आउटलाइनमध्ये लिहिताना तिथेच पुढच्या तीन भागांतल्या जागा राखून ठेवा. पहिल्यात बदललेली एखादी सवय, दुसऱ्यात त्यामुळे कामात झालेली चूक, तिसऱ्यात ती चूक पाहून दुसऱ्या पात्राने घेतलेला निर्णय. प्रत्येकी अर्धं पान, म्हणजे साधारण अर्धा मिनिट पुरतो. एवढीही जागा निघत नसेल, तर आघात लहान करा.

आकडा सांगितला, हिशोब ठेवला नाही

‘व्हॉयेजर’ 1995 मध्ये सुरू झाली. जहाज घरापासून सुमारे 70,000 प्रकाशवर्षं दूर, परतायला 75 वर्षं. पहिल्याच सीझनमध्ये सांगितलं गेलं की 38 टॉर्पेडो उरलेत आणि नवे मिळायची सोय नाही. सात सीझनमध्ये 38 पेक्षा कितीतरी जास्त उडवले गेले. यात नुकसान पात्रांचं झालं. टंचाई खरी असती, तर प्रत्येक टॉर्पेडोमागे कॅप्टनचा स्वभाव दिसला असता. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या दुसऱ्या सायफाय मालिकेत राष्ट्राध्यक्ष रोझलिन मानवजातीच्या संहारातून वाचलेल्या माणसांचा आकडा पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवते. ‘33’ या भागाच्या शेवटी एक बाळ जन्मतं, ती आकडा एकने वाढवते, आणि आपल्याला ती आतून कळते.

एक तर आकडा देऊ नका. दिलात, तर स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर ‘भागाआधी शिल्लक’ आणि ‘भागानंतर शिल्लक’ अशा दोन ओळी कायम ठेवा.

कोणाला काय माहीत आहे?

मालिकेच्या बायबलमध्ये, म्हणजे लेखकांच्या संदर्भ-वहीत, पात्राचं जन्मगाव, वय, शिक्षण असतं. ते एकदा लिहिलं की बदलत नाही, म्हणून उपयोगही कमी. बदलणाऱ्या गोष्टींची वेगळी वही हवी. प्रत्येक भागानंतर प्रत्येक मुख्य पात्रापुढे पाच नोंदी: अंगावर काय (जखम, गणवेश, हुद्दा), मनात काय, कोणती माहिती आहे, कोणापासून काय लपवलंय, कोणाचं देणं लागतो. वही एकाच माणसाच्या हाती असावी आणि पुढची स्क्रिप्ट लॉक होण्याआधी त्याची सही लागावी. शूटिंग सीनच्या क्रमाने होत नसल्यामुळे नोंदी सीन नंबरनिशी करा. नाहीतर सकाळी सीन 41 करणाऱ्या नटाला सीन 12 मध्ये आपल्याला काय कळलं होतं, हे सांगणारं सेटवर कोणी नसतं.

मागे जाऊन धक्का द्यायचा असेल, तर ही वही आणखी गरजेची. ‘डीप स्पेस नाइन’मध्ये 1997 साली उघड होतं की डॉ. बशीर महिन्याहून अधिक काळ शत्रूच्या कैदेत आहे आणि स्थानकावर वावरतोय तो तोतया. कैदेतला बशीर जुन्या गणवेशात दिसतो. म्हणजे गणवेश बदलायच्या आधीच अदलाबदल झाली. ही खूण सुरेख आहे. पण तिचा अर्थ असाही होतो की नव्या गणवेशातल्या तोतयानेच स्थानकाचा प्रमुख सिस्को याची शस्त्रक्रिया करून त्याचा जीव वाचवला! असा धक्का ठरवण्याआधी त्या पात्राचे मागचे सगळे सीन काढा आणि प्रत्येकाला विचारा: तोतया असं का करेल? दोन सीनची उत्तरं मिळाली नाहीत, तर अदलाबदलीची वेळ पुढे सरकवा.

उपाय इतका सोपा की पुढे कोणी मरूच नये

‘नेक्स्ट जनरेशन’च्या 1989 मधल्या एका भागात वेगाने म्हातारी होत चाललेल्या डॉ. पुलास्कीला तिच्याच केसातल्या डीएनएच्या मदतीने ट्रान्सपोर्टरमधून (माणसाला क्षणात एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवणारं यंत्र) पुन्हा पूर्ववत केलं जातं. मग पुढे प्रत्येक आजारपणात प्रेक्षक म्हणणार, ट्रान्सपोर्टर आहे की! यंत्राने जीव वाचवायचा असेल, तर त्याच भागात त्याची मर्यादा दाखवा: यंत्र जळालं, आठवणी गेल्या, काहीही. मर्यादा संवादात नुसती सांगून भागत नाही.

नट सोडून गेला तर

‘बॅबिलॉन 5’ या ‘स्टार ट्रेक’बाहेरच्या सायफाय मालिकेची कथा पाच सीझनसाठी आखलेली होती, आणि प्रत्येक मुख्य पात्राला बाहेर पडायची वाट आधीच ठेवली होती. पहिल्या सीझननंतर प्रमुख नायक सिंक्लेअर गेला, शेरिडन आला. सिंक्लेअरचा धागा तिसऱ्या सीझनमध्ये परत आणून पूर्ण केला. नव्या पात्राला जुन्याचे डायलॉग देऊ नका. त्याला जुन्याचं काम द्या आणि ते तो वेगळ्या तऱ्हेने करेल, असं पाहा.

बोलण्याचा नियम

‘नेक्स्ट जनरेशन’मध्ये 1988 साली ठरलं की यंत्रमानव डेटा इंग्रजीतली संक्षिप्त रूपं वापरू शकत नाही. त्याच भागाच्या शेवटी तो ‘आय ॲम’ न म्हणता ‘आय’म’ म्हणून जातो. मराठीत तुमचा यंत्रमानव ‘करत आहे’ म्हणणारा असेल, तर शेवटच्या ड्राफ्टमध्ये फक्त त्याचे डायलॉग वेगळे काढून सलग मोठ्याने वाचा. ‘करतोय’ लगेच सापडतं.

चूक प्रसारित झालीच असेल तर

‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन या परग्रहवासी लढवय्या लोकांचं कपाळ 1960 च्या दशकात सपाट होतं, 1979 पासून उंचवट्यांचं झालं. 1996 मध्ये त्यावर वॉर्फ हा क्लिंगॉन अधिकारी एवढंच म्हणतो की बाहेरच्यांशी आम्ही यावर बोलत नाही. 2005 मध्ये ‘एंटरप्राइझ’ने दोन भाग खर्चून विषाणूचं कारण दिलं. पहिली दुरुस्ती जास्त चांगली, कारण त्या एका वाक्यात वॉर्फचा अभिमान आणि लाज दोन्ही दिसतात. चूक दुरुस्त करायला घेताना आधी बघा की त्यातून एखाद्या पात्राला काही मिळतंय का. मिळत नसेल, तर ती तशीच सोडा आणि वहीत लाल शाईने लिहून ठेवा, म्हणजे पुढचा लेखक तिच्यावर नवा ट्रॅक उभा करणार नाही.