गोष्टीसाठी चिकाचं झाड कसं रचायचं (आणि माझं कुठे फसलं)

खान्देशात ज्याने पांढरा शर्ट घालून केळीच्या बागेत जायची चूक एकदा तरी केलीये त्याला झाडाचा चीक काय असतो हे समजवायची गरज नाही. घड कापताना पाण्यासारखा दिसतो, वाटतं वाळून जाईल, आणि नंतर बघता तर तपकिरी-काळा डाग, साबण लावा लिंबू घासा, तो शर्ट आता शेतातच घालायचा. म्हणून ज्या गोष्टींमधे झाडातून सोनेरी रस निघतो आणि सगळे आजार पटकन बरे होतात, ती झाडं मला प्लास्टिकची वाटतात.

तर पहिलं काम, चीक कुठल्या जातीचा ते ठरवा. सातपुड्यातच सगळे नमुने आहेत. धावड्याचा डिंक लाडवात जातो, कहांडोळाचा पाण्यात टाकला की फुगून थुलथुलीत होतो. राळ पाण्यात विरघळत नाही, पण निखाऱ्यावर टाकली की घरभर वास. सालईत डिंक आणि राळ दोन्ही, म्हणून तर ती धुपात चालते. रुईचा चीक दुधासारखा, डोळ्यात गेला तर सरळ डॉक्टरकडेच पळायचं. बिब्ब्याचं तेल फळाच्या सालीत असतं, कातडीला लागलं तर फोड येतात, आणि पूर्वी धोबी त्यानेच कपड्यांवर खुणा करायचे. यातला एक पाया धरा, मग वर जादू चढवा.

मी डिंक धरला. झाडाचं नाव सांधवा, त्याचा चीक फुटलेलं काहीही जोडतो, माठ, नांगराचा दांडा, काहीही.

मग मोसम. हे लोक विसरतात. जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सालई, कहांडोळ नागडे उभे असतात, आणि डिंक गोळा करायचे दिवस हेच, कारण पाऊस लागला की डिंक भिजून खराब. म्हणजे गोष्टीला आपोआप घाई मिळाली, मृग लागायच्या आत काम उरकायचं.

घाव कसा घालायचा तेही दाखवा. नुसती साल हलकीच छिलायची, खोल कोयता मारला तर जास्त चीक मिळेल असं वाटतं पण झाडच वाळतं. लगेच बादली भरून दाखवू नका हो! थेंब हळूहळू फुगतो, वर पातळ कातडी धरते, आत एखादी मुंगी अडकते, आणि सुरीच्या टोकाने काढायला गेलं की थोडी साल पण सोबत येते. एवढं लिहिलं की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

हाताला काय होतं तेही ठरवा. सांधवा काढणाऱ्याची बोटं आठवडाभर चिकटतात, ज्याला धरलं त्याला धरलं.

आता माझी चूक. माझ्या गोष्टीतली मुलगी उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा, चप्पल आत जाईल एवढ्या, सांधव्याच्या चिकाने बुजवते आणि गाव खूश, शेवट. आमच्या आप्पांना वाचून दाखवलं, ते बाजेवर पडल्या पडल्या म्हणे, "भेगा बुजी ग्यात ते पहिला पाऊसनं पानी कोठे जाई?"

खरंच की. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांमधूनच तर खोल उतरतं, मग माती फुगून त्या आपोआप मिटतात. म्हणून शेवटची पायरी मी आता ही धरतो: चिकाचा जो उपयोग ठरवला तोच एखाद्या शेतकऱ्याला सांगा आणि तो काय विचारतो ते ऐका.

गोष्ट परत लिहितोय. पाऊस पडला, पाणी वरच्या वर नाल्याला वाहून गेलं, विहीर कोरडीच, आणि तीच मुलगी पहार घेऊन स्वतः बुजवलेल्या भेगा उकरतेय, आठवडा अजून झालेला नाही त्यामुळे पहार हातातून सुटत नाहीये.