माळावरच्या निसर्गस्पर्धेची तयारी: दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत

गेल्या वर्षीच्या निसर्गस्पर्धेत आमच्या चार मुलांच्या संघानं २७ पैकी २५ पक्षी बरोबर ओळखले. मग परीक्षकांनी त्यांना सुप्याकडच्या एका माळावर उभं केलं आणि विचारलं, ‘इथे चिंकारा (माळावरचं छोटं हरिण) टिकायला हवा असेल तर काय कराल?’ मुलांनी मनापासून लिहिलं: वड लावू, पिंपळ लावू, कडुनिंब लावू. त्या फेरीत त्यांना जवळपास काहीच गुण मिळाले नाहीत. चूक मुलांची नव्हती, माझी होती. मी त्यांच्याकडून नावं घोकून घेतली होती, माळ बघायला शिकवलंच नव्हतं. म्हणून या वर्षीची तयारीची यादी सॅकपासून सुरू होत नाही, माळापासून होते.

दिवाळीच्या सुट्टीत पहिलं काम म्हणजे दोन जागा पाठोपाठ बघायच्या. आधी पुण्यातली वेताळ टेकडी. तिथे उंदीरमारीची (ग्लिरिसिडियाची) दाट लागवड आहे. मूळची मध्य अमेरिकेतली ही झाडं टेकड्या हिरव्या करायला लावली गेली. त्यांच्याखाली दहा मिनिटं बसा आणि जमिनीवर काय काय उगवलंय ते मोजा. मग तिथल्याच एखाद्या उघड्या, गवताळ तुकड्यावर बसून तेच मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. पुढच्या रविवारी सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जा. ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे, पण कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं, मधूनच एखादा हिवर किंवा बोर, आणि त्यात चरणारा चिंकारा असं सगळं एका सकाळीत दिसू शकतं. चिंकाऱ्याला, लांडग्याला, धाविक पक्ष्याला लांबवर नजर जाईल अशी मोकळी जमीनच लागते. कागदोपत्री ज्याला ‘पडीक’ म्हणतात ते त्यांचं घर आहे. मुलांच्या हे एकदा डोळ्यांनी लक्षात आलं की वड-पिंपळाचं उत्तर त्यांच्या हातून पुन्हा लिहिलं जाणार नाही.

यानंतर रोज एक उत्तर लिहायचा सराव. अमेरिकेत फोर-एच या युवासंघटनेच्या वन्यजीव अधिवासाच्या स्पर्धेत मुलांना प्रत्यक्ष जागेवर नेतात, काही ठरावीक प्राणी-पक्षी नेमून देतात आणि त्यांच्यासाठी या जमिनीत काय बदल करावा ते विचारतात. ही पद्धत मला फार आवडते, कारण त्यात पाठांतर चालत नाही. आपल्या मुलांनीही प्रत्येक उत्तरात चार गोष्टी लिहाव्यात: काय करायचं, कोणासाठी, कोणत्या महिन्यात, आणि त्यानं कोणाचं नुकसान होईल. चौथी गोष्ट सगळे विसरतात. समजा, उन्हाळ्यासाठी पाणवठा सुचवला. तो गावाच्या किंवा रस्त्याच्या जवळ असेल तर भटकी कुत्री तिथेच येऊन बसतात आणि पाण्याला आलेल्या चिंकाऱ्याच्या पाडसामागे लागतात. वणव्यासाठी जाळरेषा (आग अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा) सुचवली तर ती गवत पूर्ण वाळण्याआधी घ्यायला हवी. गवतकापणी सुचवली तर माळटिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, मग त्यांच्या विणीच्या दिवसांत विळा चालवायचा का? ‘काहीच करू नये, फक्त कुत्री आणि कचरा आवरावा’ हेही पूर्ण गुणांचं उत्तर असू शकतं, हे मुलांना मोकळेपणानं सांगा.

प्राणी-पक्षी ओळखायची फेरी सोपी नाही, पण तिच्यावर वेळ घालवायचा तो ठशांवर आणि विष्ठेवर घाला, फोटोंवर नको. कुत्रा, लांडगा, खोकड यांच्या पावलात नखं उमटतात. बिबट्याच्या आणि रानमांजराच्या पावलात सहसा उमटत नाहीत, कारण ते नखं आत ओढून चालतात. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून मापासकट चित्र काढा. हिवाळ्यात माळावरून अगदी खालून तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो बहुधा भोवत्या, मध्य आशियाकडून आलेला पाहुणा. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायचा नाही, घरट्याचा फोटो कुठेही टाकायचा नाही. हाडं, शिंगं, अंडी यांतलं काहीही घरी आणायचं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मेलेल्या प्राण्याच्या अवयवांनाही लागू होतो.

नकाशा आणि होकायंत्र. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, एवढं पक्कं झालं की वेताळ टेकडीवर जा. होकायंत्रानं सिंहगडावरच्या दूरदर्शन मनोऱ्याचा उत्तरेपासूनचा कोन घ्या, तसाच पर्वतीचा घ्या, दोन्हींत १८० अंश मिळवून किंवा वजा करून नकाशावर त्या दोन खुणांपासून उलट रेघा ओढा. त्या जिथे छेदतात तिथे तुम्ही उभे आहात. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

प्रथमोपचारात दोन गोष्टी अगदी घोटून घ्या. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं, चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात थेट न्यायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवायचा नाही. दुसरी गोष्ट आग्या मोहोळाची. अत्तर, डिओ लावायचा नाही, कड्याखाली धूर करायचा नाही, आरडाओरडा नाही. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून लांब पळायचं, जागेवर हात झटकत उभं राहायचं नाही. गाठींपैकी रीफ नॉट, क्लोव्ह हिच आणि बोलाईन एवढ्या डोळे मिटून आल्या की पुरे.

आता सामान. डिसेंबरात पहाटे कडाक्याची थंडी आणि अकराला चटका, म्हणून एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन पातळ थर घ्या. कपडे मातकट किंवा मळकट हिरवे, पांढरा नको. मोज्यांत कुसळं शिरली की मुलाचं सगळं लक्ष पायाकडे जातं, तेव्हा घोट्यावर जाड कापडाची पट्टी गुंडाळा. बूट नवे असतील तर महिनाभर आधीपासून घालून मुरुमावर चालून बघायचे. दुर्बीण ८ बाय ४२ ची असावी: आठ पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्यानं पहाटेही उजेड पुरतो. दहा पटीची मुलांच्या हातात थरथरते. विकत घ्यायची घाई करू नका, संघात दोन पुरतात. डायरीसोबत पेन्सिलच, कारण दवानं पेनाची शाई पसरते. शिट्टी गळ्यात, सॅकच्या कप्प्यात नाही. दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गुळशेंगदाणे. प्लॅस्टिकची पाकिटं घरीच राहू द्या.

पालकांनी संमतिपत्रावर दमा, ॲलर्जी, रोजची औषधं हे खरं खरं लिहावं. मुलाला स्पर्धेतून काढतील या भीतीनं लपवू नका, आम्हाला ते माळावर कळणं फार वाईट. वनविभागाचा १९२६ आणि आपत्कालीन ११२ हे दोन क्रमांक डायरीच्या पहिल्या पानावर मुलाच्या अक्षरात असावेत.

आदल्या रात्री सॅक मुलानं स्वतः भरावी, पाठीवर घ्यावी आणि इमारतीचा जिना एकदा चढून उतरावा. जड वाटली तर काय काढायचं तेही त्यानंच ठरवावं. पाणी, शिट्टी, औषधं आणि डायरी मात्र काढायची नाहीत.