लॉगिन करताना 'ॲक्सेस डिनाइड' येत होतं, असं सुटलं

आईचं पेन्शनचं काम ज्या साइटवर होतं ती उघडली की पासवर्ड टाकल्या टाकल्या ॲक्सेस डिनाइड, खाली ४०३ आणि एक लांबलचक रेफरन्स नंबर. आई घाबरली, खातं बंद झालं की काय म्हणून. पण पासवर्ड चुकला तर साइट तसं सरळ सांगते, ४०३ म्हणजे सर्व्हरला तुमचं म्हणणं कळलंय पण तो आत घेत नाहीये, त्यामुळे पासवर्ड रिसेट करत बसू नका, उगाच खातं लॉक होतं.

आधी इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरची खाजगी विंडो, तिथे जुन्या कुकीज म्हणजे साइटने साठवलेल्या नोंदी नसतात) बघितलं, तेच. म्हणजे कुकीजचा प्रश्न नाही (तिथे चाललं असतं तर फक्त त्या साइटच्या कुकीज उडवायच्या, सगळी हिस्टरी नाही). मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तोच फोन, तोच ब्राउझर, आणि लगेच लॉगिन झालं! म्हणजे अडवलं होतं ते आमच्या ब्रॉडबँडच्या आयपीला, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याला.

राउटरच्या पेजवर वॅन आयपी (ब्रॉडबँडवाल्याकडून राउटरला मिळालेला पत्ता) १०० पॉइंट ७० असा काहीतरी दिसला. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर समजा सीजीनॅट आहे, म्हणजे बऱ्याच घरांना मिळून बाहेर एकच आयपी, त्यातल्या कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असला तरी ब्लॉक सगळेच होतात, हे फार अन्यायाचं वाटतं मला. राउटर थोडा वेळ बंद ठेवून चालू केला, बाहेरचा आयपी बदलला, साइट उघडली. नाही बदलला तर ब्रॉडबँडवाल्याकडे स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा) मागा, आणि साइटच्या हेल्पडेस्कला तो रेफरन्स नंबर नक्की पाठवा, त्यावरून त्यांना नेमकं कारण शोधता येतं. व्हीपीएन (आपला आयपी लपवून दुसराच दाखवणारी सेवा) चालू असेल तर तो मात्र सगळ्यात आधी बंद करा.