वाय-फाय दिसत नाही? आधी चिपचा नंबर काढा

लिनक्स टाकलं आणि वाय-फायचं चिन्हच गायब, असे लॅपटॉप रामबागेत माझ्याकडे सारखे येतात. इंदुरात शिकायला आलेली मुलं जुना लॅपटॉप घेतात, त्यावर उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या आवृत्त्या टाकतात आणि नेटवर सापडेल ती कमांड चालवत सुटतात. पोरांनो, तसं करू नका. भलत्या कार्डासाठी लिहिलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) टाकला की तुमचा योग्य ड्रायव्हर कधीकधी ब्लॅकलिस्ट होऊन, म्हणजे बंदीच्या यादीत जाऊन बसतो, आणि मग एकाऐवजी दोन गुंते सोडवावे लागतात.

लॅपटॉपची कंपनी बघून आतली चिप कळत नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत एकात इंटेल, दुसऱ्यात रियलटेक निघतं. म्हणून टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत ही कमांड द्या: एल-एस-पी-सी-आय, मोकळी जागा, डॅश, एन-एन-के. 'नेटवर्क कंट्रोलर'च्या ओळीत चौकोनी कंसात कोलनने जोडलेले दोन क्रमांक दिसतील. पहिला कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस. दुसरा चिपचा. दोन्ही कागदावर लिहून ठेवा. पुढचा सगळा शोध त्यांच्यावरच घ्यायचा.

त्याच्याच खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का पाहा. नसेल तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेलाच नाही. असेल आणि तरीही वाय-फाय नसेल, तर बहुधा फर्मवेअर नाही किंवा रेडिओ बंद आहे. रेडिओचं लगेच कळतं: आर-एफ-किल लिस्ट ही कमांड द्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे येस असेल तर आर-एफ-किल अनब्लॉक वायफाय म्हणा. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण किंवा कडेचा छोटा स्विच शोधा. तिथे कमांड काही करू शकत नाही.

फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या आत चालणारा प्रोग्रॅम. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात असतो, फर्मवेअरची फाइल वेगळ्या पॅकेजमध्ये येते. सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) डी-एम-ई-एस-जी चालवा आणि 'फर्मवेअर' शब्दाच्या ओळी वाचा. शेवटी 'एरर -२' असेल तर ती फाइल डिस्कवर नाही, इतकाच त्याचा अर्थ. डेबियन नावाच्या लिनक्सच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर २०२३ च्या डेबियन १२ पासून येऊ लागलं, त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीत धडधाकट इंटेल कार्डसुद्धा मेल्यासारखं वाटतं. डेबियनवर इंटेलला 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', रियलटेकला 'फर्मवेअर-रियलटेक' टाका आणि रीस्टार्ट करा. नेटच नाही तर पॅकेज उतरवायचं कसं? फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो साधं वायरचं नेटवर्क वाटतो.

खरा वेळ खातं ते ब्रॉडकॉम. त्याचे दोन ड्रायव्हर आहेत: कर्नलमधला बी४३ आणि कंपनीचा स्वतःचा डब्ल्यूएल. बीसीएम४३१२ सारख्या जुन्या चिपवर दोन्ही चालतात. तिथे मी बी४३ च निवडते. त्याला फक्त फर्मवेअर द्यावं लागतं आणि कर्नल बदलला तरी तो कर्नलसोबतच येतो. बीसीएम४३६०, म्हणजे बऱ्याच मॅकबुकांतली चिप, बी४३ वर चालत नाही. तिथे डब्ल्यूएलला पर्याय नाही. त्याचं पॅकेज 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस'. डीकेएमएस नाव आलं की समजा, ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर कंपाइल होणार, म्हणजे कोडपासून तयार होणार आणि प्रत्येक नव्या कर्नलला पुन्हा होणार. चालू कर्नलचे हेडर्स (कंपाइलला लागणाऱ्या फाइली) आधी टाका, नाहीतर काम अर्ध्यावर थांबतं.

इथे सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर लोड होऊ न देणारी सोय, आडवा येतो. पॅकेज टाकताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबू नका. 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्या, तरच सही केलेला ड्रायव्हर लोड होतो.

बाहेरून लावायच्या यूएसबी वाय-फाय डोंगलसाठी कमांड एल-एस-यू-एस-बी. काही रियलटेक डोंगल लावल्या लावल्या सीडी ड्राइव्ह म्हणून उभे राहतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटातच भरलेला असतो. क्रमांक ०बीडीए:१ए२बी दिसला तर ओळखा. 'यूएसबी-मोडस्विच' पॅकेज टाका किंवा फाइल मॅनेजरमधून ती सीडी इजेक्ट करून पाहा.

एवढं करूनही रोज कटकट होत असेल तर कार्डच बदला, असं माझं स्पष्ट मत आहे. आरएनटी मार्गावरच्या दुकानांत जाताना चिपचं नाव चिठ्ठीवर लिहून न्या. एम.२ स्लॉट (कार्ड बसवायची नवी, छोटी खाच) असेल तर इंटेल एएक्स२१० मागा, कर्नल ५.१० किंवा त्यापुढचा हवा, एएमडीच्या लॅपटॉपवरही चालतं. एएक्स२०१ घेऊ नका. ते तसंच दिसतं, पण सीएनव्हीआय जातीचं आहे, म्हणजे निम्मं काम प्रोसेसर-चिपसेटवर सोपवतं, आणि इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर-चिपसेटबरोबरच चालतं. काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस (लॅपटॉप चालू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम) ठरलेल्या यादीबाहेरचं कार्ड लावलं तर सुरूच होऊ देत नाही, म्हणून परत घेण्याची बोली आधीच करून घ्या. आणि जुनं कार्ड लांब मिनी-पीसीआय एक्सप्रेसचं असेल तर एम.२ त्यात बसणार नाही. अँटेनाच्या तारांची टोकंही वेगळ्या मापाची असतात. लॅपटॉपच सोबत न्या.