ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, तरी आजी पेंगते? या चुका टाळा

कोविडनंतर आपल्याकडे खेड्यातही बऱ्याच घरांत ऑक्सिमीटर आला. बोटाला लावायचा, आकडा पाहायचा आणि निश्चिंत व्हायचं. पण हे यंत्र फक्त ऑक्सिजनचं सांगतं. कार्बन डायऑक्साइड किती साचलाय, हे त्याला कळत नाही. आणि श्वास किती वेगाने, किती खोल घ्यायचा हे मेंदू मुख्यतः त्याच वायूवरून ठरवतो.

पेशींत तयार झालेला हा वायू रक्तात नुसता विरघळून जातो तो जेमतेम ७ ते १० टक्के. २० टक्क्यांच्या आसपास हिमोग्लोबिनला चिकटतो. उरलेला, म्हणजे साधारण ७० टक्के, तांबड्या पेशीतलं कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) पाण्याशी जोडतं आणि त्याचं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल झेलणारा क्षार, होतं. फुफ्फुसात हेच सगळं उलट घडतं. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा आणि पीएच, म्हणजे रक्त किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ राहायला हवा. बिघडलं तर फुफ्फुसं मिनिटांत सावरतात, मूत्रपिंडांना मात्र काही दिवस लागतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे ऑक्सिजनची चावी मनाने वाढवणं. जन्मभर पऱ्हाट्या जाळून चुलीवर रांधलेल्या आजीला सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार, असतो, घरचे त्याला दमाच म्हणतात. घरी हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, काँसन्ट्रेटर, असतं. आकडा ८९ दिसला की मुलगा काळजीने १ लिटरचे ५ करतो. आकडा ९७ होतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. रात्रीतून आजी पेंगू लागते, सकाळी डोकं दुखतं म्हणते, बोलणं तुटक होतं, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. ही झोप नाही, कार्बन डायऑक्साइड चढलाय. जास्त ऑक्सिजनमुळे फुफ्फुसाच्या निकामी भागांकडेही रक्त वळतं, हिमोग्लोबिन धरलेला कार्बन डायऑक्साइड सोडून देतं आणि श्वासाची ओढही थोडी मंदावते. अशा रुग्णांत डॉक्टर सहसा ८८ ते ९२ टक्केच ठेवतात. म्हणजे तो ८९ चांगलाच होता! पण म्हणून घाबरून नळी काढून टाकू नका. एकदम बंद केल्यास ऑक्सिजन पहिल्यापेक्षाही खाली जातो. चावी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणावर आणा, १०८ ला फोन करा आणि सीओपीडी आहे, किती लिटर चालू होता, हे आधी सांगा. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी केली की खरं कळतं. ती उपकेंद्रात होत नाही, मोठ्या दवाखान्यातच न्यावं लागतं.

अशा रुग्णाच्या रिपोर्टात बायकार्बोनेट वाढलेलं, ३२ दिसलं की काही जण सोडा बंद करा, लिंबू द्या असं सुचवतात. पोटाच्या ॲसिडिटीशी त्याचा संबंध नाही. साचलेला वायू झेलायला मूत्रपिंडांनी ते मुद्दाम राखून ठेवलेलं असतं.

उलटी चूक शुगरच्या रुग्णाबाबत होते. इन्सुलिन सुटलं, उलट्या झाल्या आणि माणूस खोल, भराभर श्वास घेतोय, तोंडाला गोडसर वास येतोय. अशा वेळी ‘घाबरलाय’ म्हणून तोंडाला पिशवी लावणं किंवा झोपेची गोळी देणं जिवावर बेतू शकतं. रक्तातली आम्लं बायकार्बोनेट खाऊन टाकतात, म्हणून शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून पीएच धरून ठेवायला धडपडतं. तो श्वास रोखू नका, शुगर तपासा आणि लगेच न्या.

आता विहीर. तिच्या तळाशीही हाच वायू साचू शकतो. उन्हाळ्यात गाळ काढायला उतरण्याआधी कंदील सोडून पाहतात. तो विझला तर उतरायचंच नाही. पण जळत राहिला म्हणून हवा चांगली, असं समजू नका. फुफ्फुसात येणाऱ्या रक्तातला आणि तिथल्या हवेतला कार्बन डायऑक्साइडचा फरक जेमतेम ६ मिलिमीटर पाऱ्याचा असतो. बाहेरची हवाच त्या वायूने भरलेली असली तर रक्त तो टाकणार कुठे? ज्योत विझण्याआधीच माणूस कोसळू शकतो. एक जण खाली पडला की दुसरा धावत उतरतो आणि तोही तिथेच राहतो. उतरणाऱ्याच्या कमरेला आधीपासून दोर बांधा, वर ओढायला माणसं उभी ठेवा, आणि दोर नसेल तर अग्निशमन दल येईपर्यंत कोणालाही आत सोडू नका.